ट्यूबमास्तरांची शेगडी

दुकानात कोणी बंद पडलेला टीव्ही आणून ठेवला, की ट्यूबमास्तरांना त्याचं विशेष काही वाटत नसे. बंद टीव्ही काय, कोणीही सुरू करतो. फ्यूज बदला, सुटलेली वायर जोडा, झालं. त्यात कसली आलीय अक्कल! पण कोणी म्हणालं, “मास्तर, चित्र अंधूक येतंय हो, माणसं धुक्यातून चालल्यासारखी दिसतात,” की मास्तरांच्या हातातला चहा तसाच राहायचा. बाह्या सरसावून ते उठायचे. बाकीचे दुकानदार सांगत, पिक्चर ट्यूब गेली, डबा भंगारात घाला. मास्तर म्हणत, “गेली कुठे? नुसती थंड पडलीय. जरा ऊब देऊ या.”

आणि त्यांचं म्हणणं खरं असायचं. जुन्या टीव्हीच्या ट्यूबला मागे निमुळती मान असते. त्या मानेत करंगळीच्या नखाहून लहान अशी निकेलची टोपी, तिच्यावर पांढरा लेप आणि तिच्या पोटात तापणारी बारीक तार. तार म्हणजे हीटर, टोपी म्हणजे कॅथोड. टोपी तापली की लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात, पुढे जाऊन पडद्यावर आदळतात आणि चित्र उजळतं. गार असताना तीच टोपी महाकंजूष. एक इलेक्ट्रॉन सोडेल तर शपथ. बरं, जितकं तापवावं तितकंच देईल असा सरळ हिशेबही नाही. बराच वेळ काही नाही, काही नाही, आणि मग आच जराशी वाढली की देणं एकदम कितीतरी पटींनी वाढतं. गॅसवरच्या दुधाचं होतं ना, तसंच.

म्हातारी ट्यूब म्हणजे लेप थकलेली ट्यूब. नेहमीच्या सव्वासहा व्होल्टांच्या आचेवर तिच्यातून पुरेसं काही निघत नाही. चित्र यायला वेळ लागतो, सगळं मळकट दिसतं आणि पांढरा शर्ट, कपाळ अशा उजळ जागा चंदेरी होऊन फिसकटतात. अशा ट्यूबांसाठी मास्तरांनी स्वतःच्या हातांनी एक डबा बनवला होता. त्याला एक खुंटी, एक काटा आणि ट्यूबच्या मानेला लावायची वायर. तिला ते ‘शेगडी’ म्हणत. शेगडी लावायची, खुंटी पिरगाळायची, आठ व्होल्ट, नऊ, अगदी हट्टी ट्यूब असली तर दहा. थोडा वेळ तापवली की थकलेला लेप ताजा होतो आणि ट्यूब आणखी वर्षभर हसतखेळत चालते.

मात्र अति तिथे माती. आच जास्त झाली, तर लेपच उडून जातो आणि मग उरते ती नुसती काच. कुठे थांबायचं ते मास्तरांचे डोळे सांगत. मानेतला लालसर उजेड नारिंगी व्हायला लागला की त्यांचा हात आपोआप थांबायचा. इलेक्ट्रॉन मोजायचं मीटर त्यांच्याकडे होतं, पण ते कपाटावर धूळ खात पडलेलं. “काटा खोटं बोलेल,” ते म्हणायचे, “मानेतला दिवा खोटं बोलत नाही.” आणि गंमत म्हणजे, या उबेचे ते कोणाकडून काही घेत नसत. दुरुस्तीचे घेत, ऊब फुकट.

दुकानात त्यांची बायकोही असायची. गिऱ्हाइकांच्या तोंडी ती ‘वहिनी’. मास्तर टीव्हीच्या मागे बसून स्क्रू पिळायचे आणि वहिनी पुढे आरसा धरून उभ्या राहायच्या, म्हणजे त्यांना मागूनच चित्र दिसावं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात हा आरसा त्यांच्या हातात आला आणि तीस वर्षं राहिला. “जरा डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!” एवढाच त्या दोघांचा कामातला संवाद. आरसा धरणाऱ्या माणसाला कामातलं काही कळत असेल असं कोणाला वाटत नाही. मास्तरांनाही वाटत नव्हतं.

तर अशा या मास्तरांना, साठी उलटल्यावर, सगळ्याच ट्यूबा म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

कोणी आवाज खरखरतो म्हणून टीव्ही आणला, तरी मास्तर पडद्याकडे बघून मान हलवायचे. “आवाजाचं सोड. तुझी ट्यूब वीक झालीय, माहितेय का? रंग बघ कसे मळलेत. तो शर्ट बघ, फिसकटलाय.” गिऱ्हाईक पडद्याकडे बघायचं, त्याला काही वेगळं दिसायचं नाही, पण मास्तर म्हणतात म्हणजे असेल, असं म्हणून तेही मान हलवायचं. मास्तर शेगडी लावायचे. मानेतला उजेड त्यांना कधी पुरेसा नारिंगी वाटायचा नाही, म्हणून खुंटी आणखी थोडी. आणखी थोडी.

पुढे आरसा धरलेल्या वहिनींना चित्र थेट दिसत होतं. स्वच्छ, टवटवीत चित्र. आणि मागून आवाज यायचा, “आरसा पूस गं. धूळ बसलीय.” त्या पदराने पुसायच्या. “अजून पूस.” पुन्हा पुसायच्या. तिसऱ्यांदा “हा आरसाच भिकार आहे” असं ऐकल्यावर वहिनींना जे समजायचं ते समजलं. नाचता येईना, अंगण वाकडं. रस्त्यात ओळखीच्या माणसाला ओलांडून जाणं, दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणून दिव्यांनाच शिव्या घालणं, हे सगळं त्या घरी बघतच होत्या. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. आणि मोतीबिंदूची खोड अशी की जे थकलेल्या ट्यूबमुळे होतं, तेच तो डोळ्यांना करतो. सगळं मळकट, आणि उजळ जागा फिसकटलेल्या. जगात दुसऱ्या कोणाचा तरी या दोन गोष्टींत घोटाळा झाला असता का? फक्त ट्यूबमास्तरांचाच होऊ शकत होता.

पहिला बळी पडला सलूनवाला. त्याच्या टीव्हीचं फक्त बटण ढिलं झालं होतं. मास्तरांनी बटण बसवलं आणि वर फुकटची ऊब दिली. पंधरवड्याने कौतुकाने बोलावून पुन्हा एकदा ऊब दिली. महिनाभरात पडदा काळा ठिक्कर. सलूनवाला टीव्ही पोटाशी धरून आला तेव्हा मास्तरांनी मान तपासून निदान केलं, “लेप संपलाय. हल्लीच्या कंपन्या लेप पातळच देतात बघ.” सलूनवाला म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून एवढी तरी चालली, मास्तर.” वहिनी काउंटरच्या मागे होत्या. त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

“अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?”

“कोणाचे?”

“तुमचे.”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? या डोळ्यांवर घर चाललंय.”

“तेच म्हणतेय. घर चाललंय म्हणूनच...”

“विषय बंद,” मास्तर म्हणाले आणि ताटावरून उठले.

त्यांच्या या चिडण्यामागे काय होतं, ते वहिनींना पक्कं ठाऊक होतं. मास्तरांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका डोळ्याने अंधूक दिसतं म्हणून ऑपरेशनला गेले, जखम चिघळली, एकातून दुसऱ्यात पसरलं आणि दोन्ही डोळे गमावून परत आले. पुढची कितीतरी वर्षं गॅलरीतल्या खुर्चीवर बसून ते हातात बंद घड्याळ घेऊन त्याचं चाक चाचपत राहायचे. त्यांना भरवायचं काम वहिनींनीच केलं होतं. त्यामुळे नवऱ्याला ‘भित्रा’ म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती. पण डोळे असेच राहू दिले तर हेही त्याच खुर्चीवर जाऊन बसणार, आणि जाता जाता साऱ्या गावाच्या ट्यूबा जाळून जाणार, हेही त्यांना दिसत होतं.

समजावून झालं. मुलीकडून फोन करवून झाला. देवाची, मुलीची, स्वतःची, सगळ्यांची शपथ घालून झाली. मास्तर कशाला बधले नाहीत. तेव्हा वहिनींनी वेगळाच मार्ग धरला.

एका दुपारी मास्तर सामान आणायला बाजारात गेले होते. वहिनींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि शेगडी उघडली. तीस वर्षं आरसा धरता धरता त्या डब्याच्या पोटात काय आहे ते त्यांना पाठ झालं होतं. फक्त कोणी विचारलं नव्हतं. ट्यूबकडे जाणारी वायर त्यांनी कापली आणि काट्याच्या पुढे, मध्येच, विजेला अडवणारा एक जाडसर पांढरा रेझिस्टर जोडून टाकला. आता मास्तरांनी खुंटी कितीही पिरगाळावी. काटा नऊ दाखवणार, दहा दाखवणार, आणि ट्यूबला मिळणार जेमतेम रोजच्या जेवणाएवढं.  चोरी केल्यासारखं त्यांना वाटत नव्हतं. आजाऱ्याच्या दुधात औषध घालून ते त्याला न सांगता पाजावं, तसं वाटत होतं.

मग काही महिने दुकानात एक अजब नाटक चाललं. मास्तर शेगडी लावायचे, काटा दहावर न्यायचे, घटकाभर थांबायचे. मग पुढे येऊन ब्राइटनेसची खुंटी भरपूर वाढवायचे आणि म्हणायचे, “आता कसं!” गिऱ्हाइकाचे डोळे दिपायचे. ते टीव्ही घेऊन निघालं की वहिनी पायरीपर्यंत पोचवायला जायच्या आणि हळूच सांगायच्या, “घरी गेल्यावर ब्राइटनेस कमी करा हं. आमचे हे जरा उत्साही आहेत.” ट्यूबा जळायच्या थांबल्या. पण रोज नवऱ्याच्या तोंडाकडे बघताना वहिनींना जेवण जात नसे. ज्या माणसाचा काट्यावर विश्वास नव्हता, त्याला त्या काट्यानेच फसवत होत्या.

आणि मग शिवणवाल्या आजी आल्या.

त्यांचं कपडे शिवायचं काम दिवसभर टीव्हीसमोर चाले. एकट्या होत्या. टीव्ही हीच त्यांच्या घरातली बोलणारी वस्तू. हमालाच्या हातून तो दुकानात ठेववून घेत म्हणाल्या, “मास्तर, यातली माणसं आता भुतासारखी दिसतात. नवा घ्यायची माझी ऐपत नाही, ते तुम्हाला माहितेय.” या खेपेला मास्तरांचं निदान अगदी खरं होतं. ट्यूब खरोखरच थकलेली होती. वहिनींनाही आरशाच्या या बाजूने ती मरणासन्न दिसत होती.

मास्तरांनी शेगडी लावली. नऊ. काही नाही. दहा. काही नाही. मास्तरांनी मान खाजवली. एवढी म्हातारी ट्यूब दहाला थोडी तरी हालचाल करणारच. ते दगडालाही पाझर फोडायचे. खुंटी बारावर नेली, जिथे ती आजवर कधी गेली नव्हती. चित्र जिथल्या तिथे. मग त्यांनी ट्यूबवरचा संशय काढला आणि शेगडीवर घेतला. चार स्क्रू काढले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. बोटं वायरीवरून फिरत फिरत एका अनोळखी, गरम वस्तूवर येऊन थांबली.

“माझ्या शेगडीत हात कोणी घातला?”

दुकानात दोघंच होती. आजी दुपारच्या कामाला घरी परतल्या होत्या.

“मी,” वहिनी म्हणाल्या.

मास्तरांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ते एवढे ओरडले की समोरच्या फळवाल्याने मान वळवली. “तू? तुला काय कळतं यातलं? इतके महिने मी लोकांना ऊब देतोय आणि तू... लोकांना फसवलंस तू! मला फसवलंस!”

“हो, फसवलं,” वहिनी म्हणाल्या. त्यांचाही तोल गेला होता. “मग मी काय करणार होते? सलूनवाल्याची ट्यूब कंपनीने नाही मारली, तुम्ही मारलीत. धडधाकट होती ती. बटण बसवायला आणली होती त्याने! इतके महिने कोणाच्या ट्यूबला ऊब मिळाली नाही. आली का एक तरी परत? आली का?”

मास्तरांनी बोटांवर महिने मोजून पाहिले. खरंच, एकही परत आली नव्हती.

“पण मी बघत होतो ना,” ते म्हणाले, आवाज जरा खाली आला होता. “मळकट होत्या. फिसकटत होत्या.”

“आपल्या घरचा टीव्ही कसा दिसतो तुम्हाला?”

“तोही वीकच झालाय.”

“त्याची ट्यूब गेल्या वर्षी नवी घातलीत तुम्ही.”

मास्तर तडक उठले. कोपऱ्यात सलूनवाल्याचा टीव्ही होता; मागवलेली नवी ट्यूब फार उशिरा आली, आणि ती घालून त्यांनी तो नुकताच न्यायला तयार ठेवला होता. त्याचं मागचं झाकण काढलं, प्लग लावला, आणि शटर खाली ओढून दुकानात अंधार केला. मानेतला दिवा खोटं बोलत नाही. त्यांनी मानेजवळ डोळा नेला. थांबले. डोळा चोळला, पुन्हा नेला.

“बघ,” ते विजयाने म्हणाले, “हीटर पेटलाच नाहीये. नवी ट्यूब, आणि आत अंधार. कंपनीचा माल!”

वहिनींना पुढ्यात पडद्यावर एक बाई बातम्या सांगताना लख्ख दिसत होती. मानेतला लालसर दिवा मास्तरांच्या नाकापाशी खुशाल जळत होता.  वहिनी टीव्हीच्या मागे आल्या, मास्तरांचा डावा हात धरून त्यांच्याच खिशात घातला, कारण शॉक छातीतून जाऊ नये म्हणून चालू टीव्हीत दोन हात घालायचे नाहीत हा धंद्याचा पहिला नियम, आणि उजव्या हाताचं बोट सांभाळून मानेच्या काचेवर टेकवलं.

काच गरम होती.

मास्तरांनी बोट उचललं नाही. चटका बसू लागला तरी उचललं नाही. पलीकडे बातम्या चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, “चित्र आहे का गं पुढे?”

“आहे.”

“चांगलं आहे?”

“खूप चांगलं आहे.”

साठी उलटलेला माणूस अंधारात टीव्हीच्या मागे बसून रडला. वहिनींनी रडू दिलं. मग मास्तर म्हणाले, “बाबांसारखं झालं तर?” आणि वहिनींना खोटं बोलून “काही नाही होणार” म्हणता आलं नाही, कारण त्यांनी त्या बाबांना भरवलं होतं. त्या म्हणाल्या, “झालं तर झालं. मी आहे. पण नाही गेलात तर नक्की होणार आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून दोघं निघाली. वाटेत मास्तर सलूनमध्ये शिरले आणि गालाला फेस लावून बसलेल्या चार जणांसमोर म्हणाले, “तुझी ट्यूब चांगली होती. मी जाळली. नवी घालून ठेवलीय, माझ्याकडून. घेऊन जा.”  एवढं बोलायला मास्तरांना किती जड गेलं, ते वहिनींनी पाहिलं. घाम कानामागून ओघळत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र स्वभाव गेला नाही. तक्त्यावरची अक्षरं वाचायची होती. मास्तरांनी आधीच्या तिघांचं ऐकून ती पाठ केली होती आणि घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर खूश झाले. वहिनी म्हणाल्या, “डॉक्टर, आता तक्ता उलटा टांगा.” उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं. आत जाताना मास्तरांनी वहिनींचा हात दारापर्यंत सोडला नाही. पट्टी निघेपर्यंत वहिनी त्यांच्या शेजारून हलल्या नाहीत. पट्टी निघाली तेव्हा दिसलं. साधं, स्वच्छ दिसलं. मास्तर एवढंच म्हणाले, “दवाखान्याच्या भिंती पांढऱ्या आहेत होय! मला वाटलं, बदामी आहेत.”

महिन्याभराने त्यांनी पहिलं काम काढलं ते शिवणवाल्या आजींचं. आजी समोर स्टुलावर बसल्या होत्या. शेगडीतला रेझिस्टर काढला होता. वहिनी पुढे उभ्या न राहता मागे, मास्तरांच्या शेजारी बसून वायर धरून होत्या. ही व्यवस्था मास्तरांनीच सांगितली होती. आठ. मानेत मळकट लाल उजेड. नऊ. लाल खुलू लागला. जरा वर, आणि तो नारिंगीकडे झुकला, तसा मास्तरांचा हात थांबला. थोडा वेळ राखून त्यांनी खुंटी खाली आणली. पलीकडून आजी ओरडल्या, “आलं! आलं! अगं बाई, हिच्या साडीला काठ पण आहेत की!”

वहिनी हसल्या आणि वायर सोडवायला हात पुढे केला. मास्तरांनी तो मधेच धरला. वहिनींच्या उजव्या तर्जनीवर, नखाच्या जरा खाली, भाजल्याचा एक गुळगुळीत, फिकट डाग होता. कितीतरी महिन्यांचा जुना. त्या बोटाने त्या रोज त्यांना जेवण वाढत होत्या, औषधाचे थेंब घालत होत्या.

“हे कधी भाजलं?”

“ते होय? तेव्हाच. शेगडीत तो रेझिस्टर बसवताना. वायरी झाळायची ती सोल्डरची तापलेली कांडी कधी धरली नव्हती ना.”

“मला दिसलं कसं नाही?” मास्तर म्हणाले.

त्यांनी ते बोट दिव्याखाली नेलं. एवढ्या बारकाईने ते आजवर फक्त ट्यूबच्या मानेकडे बघत आले होते. पलीकडे आजी साडीच्या काठांबद्दल काहीतरी सांगत होत्या, इकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“तो रेझिस्टर मी परवा काढला,” मास्तर म्हणाले. “निघता निघेना. सोल्डर फार छान केलं होतंस.”

तीस वर्षांत त्यांनी वहिनींच्या कामाला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. सासऱ्यांचं करताना, ऑपरेशनच्या दारात, त्या अंधाऱ्या दुकानात कुठेच न रडलेल्या वहिनी, तेवढं ऐकून ढसाढसा रडू लागल्या.